खालित्याची प्रथमावस्था : परीक्षण आणि निदान

खालित्य हा व्याधी संहिताकारांना सुपरिचित होता. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात, वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात शिरोरोगांच्या प्रकरणात आणि चरकाचार्यांनी त्रिमर्मीय चिकित्सिताध्यायात त्याचे विवरण केले आहे. हेतू आहेत, संप्राप्ती आहे; लेप, तैले व नस्ये तर विपुल आहेत. मात्र ज्वर, राजयक्ष्मा किंवा प्रमेह यांच्या पूर्वरूपांचा जसा स्वतंत्र व सविस्तर विचार आढळतो, तसा खालित्याच्या बाबतीत आढळत नाही. परिणामी डोक्याची त्वचा उघडी दिसू लागली म्हणजे खालित्य, असा व्यवहार रूढ झाला आहे. रुग्ण तेव्हाच येतो आणि आपणही तेव्हाच निदान करतो. वास्तविक त्या वेळी स्थानसंश्रयाचा काळ केव्हाच संपलेला असतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या चिकित्सकाला हा प्रश्न जवळजवळ रोज भेटतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे वाहन उद्योग वाढला आणि १९९९ नंतर चाकणचे रूप पालटले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर भारतातून आलेला विशी-पंचविशीचा कामगार महाळुंगे, खराबवाडी किंवा निघोजे येथे तिघा-चौघांसह भाड्याच्या खोलीत राहतो आणि पाळीने कामावर जातो. त्याच्या दृष्टीने केसांचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नसतो. गावाकडे लग्नाची बोलणी चाललेली असतात, मुलाचे छायाचित्र मागवलेले असते. अशा वेळी हप्त्यांवर घेतलेल्या एखाद्या ‘पॅकेज’मध्ये काही महिन्यांची बचत घालवून तो आपल्याकडे येतो. त्या आधी वर्ष-दोन वर्षे तो सर्दी, आम्लपित्त किंवा कंबरदुखीसाठी आपल्याकडे येतच असतो. पण त्याच्या डोक्याकडे कोणी पाहिलेले नसते.

दोन टप्प्यांमधील अवकाश

सुश्रुतांची संप्राप्ती नीट वाचली असता तिच्यात दोन स्वतंत्र टप्पे दिसतात. प्रथम रोमकूपाच्या आश्रयाने असलेले पित्त वाताशी संयुक्त होऊन केस पाडते. त्यानंतर कफ व रक्त मिळून त्या रोमकूपाचे मुख अवरुद्ध करतात आणि मग तेथे दुसरा केस येत नाही. पहिला टप्पा पतनाचा, दुसरा अवरोधाचा. इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खलतीत ते क्रमाक्रमाने जातात, हा वाग्भटांनी सांगितलेला भेद येथे अत्यंत मोलाचा आहे. खालित्यात हे दोन टप्पे सर्व रोमकूपांत एकाच दिवशी घडत नाहीत. काही कूप पूर्णपणे रुद्ध, काही अर्धवट बाधित आणि काही सर्वस्वी निरोगी, अशी संमिश्र स्थिती कित्येक वर्षे टिकते. चिकित्सेला अवसर आहे तो याच काळात.

आधुनिक शास्त्राचे निरीक्षण याच्याशी बरेच जुळते. प्रत्येक केस वृद्धी, संक्रमण व विश्राम अशा चक्रातून जातो. डोक्यावरील केसांचा वृद्धिकाळ साधारणतः २ ते ६ वर्षांचा व विश्रामकाळ सुमारे ३ महिन्यांचा असतो. अँड्रोजेनेटिक अलोपेशिया या अवस्थेत प्रत्येक आवर्तनागणिक वृद्धिकाळ आखूड होत जातो आणि त्याच कूपातून येणारा केस अधिकाधिक बारीक, आखूड व फिकट निपजतो. शेवटी तो लव म्हणावी इतका सूक्ष्म होतो. म्हणजेच केस नाहीसा होण्यापूर्वी दीर्घकाळ तो बारीक होत असतो. आपण शोधावयाचे लक्षण हेच. किती केस गळले, ही गणना त्या मानाने दुय्यम आहे.

‘केस जातात’ या तक्रारीचे तीन अर्थ

रुग्ण तक्रार एकच सांगतो, पण तिच्यामागे तीन निरनिराळ्या घटना असू शकतात : केस तुटणे, केस गळणे आणि केस विरळ होणे. यांचे पृथक्करण न करता तेल लिहून देणे हा आपल्या व्यवसायातील फार जुना दोष आहे.

तुटलेला केस दोन्ही टोकांना सारखाच असतो, त्याला मुळाशी पांढरा कंद नसतो. चाकण परिसरात अनेक वस्त्यांत आजही कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. जड पाण्याने साबणाचा फेस होत नाही, केस राठ होतात, गुंततात व तुटतात. नव्याने राहावयास आलेला प्रत्येक तरुण ‘इथले पाणी मानवले नाही’ असे सांगतो, त्यात एवढा अंश खरा आहे. परंतु पाण्यामुळे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतील केस मागे सरकत नाहीत आणि भोवऱ्याभोवती केस बारीक होत नाहीत. पवना धरणाचे पाणी मिळणाऱ्या चिंचवड-निगडीतील तरुणांतही हाच आकृतिबंध दिसतो. पाण्याला दोष देऊन रुग्ण जी दोन वर्षे घालवतो, ती परत मिळत नाहीत.

गळलेल्या केसाला मुळाशी टाचणीच्या डोक्यासारखा पांढरा, कोरडा कंद असतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. रोज न धुणाऱ्या व्यक्तीचे न्हाण्याच्या दिवशी त्याहून अधिक जातात. यापेक्षा पुष्कळच अधिक, संपूर्ण डोक्यावरून सारखे आणि अल्पावधीत गळू लागले, तर टेलोजेन इफ्लुवियम या अवस्थेचा विचार करावा. येथे विचारावयाचा प्रश्न ‘आता काय होते?’ हा नसून ‘दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?’ हा आहे. डेंग्यूसारखा तीव्र ज्वर, प्रसूती, शस्त्रकर्म, वजन उतरवण्यासाठी केलेले लंघन, मोठा शोक, यांपैकी काही ना काही बहुधा सापडते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर असे रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले. हेतू दूर झाला असेल तर हे केस सहसा पुन्हा येतात. रुग्ण मात्र घाबरलेला असतो. गुंतवळ कागदात बांधून घेऊन येतो.

विरळ होणारा रुग्ण याच्या अगदी उलट असतो. त्याचे गुंतवळ मोठे नसते, कित्येकदा त्याची काही तक्रारच नसते. मोठ्याने तक्रार करणाऱ्याला धोका कमी आणि मूक असलेल्याला अधिक, असे या व्याधीत वारंवार घडते. एक उदाहरण देतो. प्रेसशॉपमध्ये काम करणारा २६ वर्षांचा तरुण डोक्यातील कोंड्यासाठी आला होता. केस दाट दिसत होते, गळण्याची तक्रार नव्हती. दारुणकाचे स्वरूप पाहण्यासाठी भोवऱ्याजवळ भांग पाडला, तेव्हा तेथील केस मानेवरील केसांच्या जवळजवळ निम्म्या जाडीचे आढळले. वडील व मामा दोघांनाही तिशीतच टक्कल पडल्याचे विचारल्यावर समजले. त्याच सप्ताहात आलेल्या, प्रसूतीस चार महिने झालेल्या एका भगिनीच्या हातात मूठभर केस होते आणि डोळ्यांत पाणी; तिच्या भांगाची रुंदी व केसांची जाडी पूर्णतः प्राकृत होती.

पुरुषांतील व स्त्रियांतील प्रारंभिक चिन्हे

पुरुषांत आरंभ बहुधा दोन ठिकाणी होतो : शंखप्रदेशाच्या वर कपाळाच्या कोपऱ्यांत आणि भोवऱ्यावर, म्हणजे सुश्रुतांनी अधिपती मर्माच्या संदर्भात उल्लेखिलेल्या रोमावर्ताच्या ठिकाणी. कपाळाचे कोपरे किंचित मागे जाणे हे पौगंडावस्थेनंतर स्वाभाविकही असू शकते. म्हणून केवळ रेषा पाहून निर्णय करू नये, त्या रेषेवरील केसांचा पोत पाहावा. तेथे लांब, जाड केसांमध्ये बोटभर लांबीचे, मऊ व फिकट केस मिसळलेले असतील आणि केस न कापताही ते वाढत नसतील, तर प्रक्रिया चालू आहे असे समजावे. रुग्णाच्या स्वतःच्या बोलण्यातही खुणा असतात. पूर्वी जसा बसत असे तसा भांग आता बसत नाही, उन्हात डोक्याची त्वचा तापते, घाम आला की कपाळावरचे केस दोऱ्यांसारखे चिकटतात, न्हावी मागच्या बाजूला कात्री अधिक व माथ्यावर कमी चालवतो. शेवटची खूण मला विशेष विश्वसनीय वाटते. न्हाव्याला हे आपल्या आधी समजते.

स्त्रियांत कपाळावरील रेषा बहुधा टिकून राहते आणि मधला भांग रुंद होतो. ही रुंदी पुढच्या बाजूस अधिक व मागे कमी असेल तर ते चिन्ह महत्त्वाचे. वेणीचा शेपटा बारीक झाला, रबराला पूर्वी दोन वेढे पुरत ते आता तीन द्यावे लागतात, हे वाक्य प्रश्न न विचारताही ऐकू येते. त्याची नोंद करावी. असेंब्ली लाइनवर टोपीखाली केस घट्ट आवळून बांधावे लागणाऱ्या मुलींत कानांच्या वर व कपाळाच्या कडेला विरळपणा दिसतो. तो ओढ बसल्यामुळे असतो. बांधण्याची पद्धत वेळीच बदलली तर तो भरून येतो. वर्षानुवर्षे तसाच राहू दिला तर कूप कायमचे जातात.

स्त्रीरुग्णात आणखी एक गोष्ट दृष्टिआड करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. केस विरळ झाले म्हणून आलेल्या तरुणीची नखे, ओष्ठ व नेत्रवर्त्म पाहिल्याशिवाय तिला तेल देणे योग्य नव्हे. रजःप्रवृत्ती अधिक होते काय, अनियमित आहे काय, चेहऱ्यावर लव वाढली आहे काय, वजन बदलले आहे काय, हे विचारावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन व टी.एस.एच. या तपासण्या करून घ्याव्यात. ईएसआय कार्ड असलेल्या कामगार भगिनीला त्या योजनेच्या रुग्णालयातून तपासणीची सोय मिळू शकते. कित्येकदा पांडू हा मूळ व्याधी असतो आणि केश हे त्याचे बाहेर दिसणारे चिन्ह.

परीक्षणाची पद्धती

यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. खिडकीजवळचा दिवसाचा प्रकाश, बारीक टोकाची फणी, घड्याळजी वापरतात तसे १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि पांढऱ्या व काळ्या कागदाचा एकेक तुकडा एवढे पुरे. केस कोरडे व तेलरहित असावेत.

प्रथम रुग्णाला खाली बसवून वरून पाहावे. नंतर कपाळापासून मागे भांग पाडावा, तसाच भांग मानेच्या वर, पश्चिमभागी पाडावा आणि दोहोंची तुलना करावी. खालित्यात पश्चिमभागाचे केस बहुधा अबाधित राहतात. त्यामुळे रुग्णाचा स्वतःचा प्राकृत केस आपल्याला तुलनेसाठी तेथेच उपलब्ध असतो. माथ्यावरील एक बट काळ्या केसांसाठी पांढऱ्या कागदावर, पिकलेल्या केसांसाठी काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहावी. सर्व केस सारख्या जाडीचे असतील तर समाधान मानावे. पाचांतील एखादा केस शेजाऱ्यांहून स्पष्टपणे बारीक दिसू लागला असेल तर खालित्याचा संशय पक्का धरावा. आखूड केसांची टोके पाहावीत. निमुळते टोक म्हणजे नव्याने उगवलेला केस, बोथट टोक म्हणजे कापलेला किंवा तुटलेला. निमुळते पण जाड केस अनेक दिसले तर गळती थांबून भरती सुरू झाली आहे. निमुळते आणि लवेसारखे बारीक असतील तर अर्थ वेगळा.

मग स्पर्शन. साधारण ५० ते ६० केसांची बट अंगठा व दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे सावकाश ओढावी. सहाहून अधिक केस हाती आले तर गळती सक्रिय आहे. मात्र निव्वळ विरळ होणाऱ्या रुग्णात ही परीक्षा पुष्कळदा नकारात्मक येते, तेवढ्यावरून त्याला निरोगी ठरवू नये. शिरस्त्वचा दोन्ही हातांच्या बोटांनी हलवून पाहावी. उष्णस्पर्श, वेदना, कंडू, स्राव व शल्कांची नोंद करावी. वाग्भटांनी दोषानुसार सांगितलेले त्वचेचे स्वरूप, म्हणजे वाताने दग्धवत्, पित्ताने स्वेदयुक्त व सिरायुक्त आणि कफाने घन, हे प्रथमावस्थेत पूर्ण व्यक्त नसते. तरी माथ्याची त्वचा पश्चिमभागापेक्षा घट्ट व चकचकीत वाटू लागली असेल तर अवरोधाच्या टप्प्याची सुरुवात झाली, असा माझा अनुभव आहे.

भिंगातून रोमकूपांची मुखेच दिसत नसतील, त्वचा गुळगुळीत, लाल किंवा व्रणवत् असेल, तर हे साधे खालित्य नव्हे. त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. नाण्याएवढी गुळगुळीत जागा ही लोकभाषेतील ‘चाई’, ती इंद्रलुप्ताच्या सदरात येते. कसरीने खाल्लेल्या कापडासारखे जागोजागी तुटक विरळपण दिसले तर फिरंगाची रक्ततपासणी करून घ्यावी. घरापासून दूर राहणाऱ्या तरुण कामगारांत हा विचार संकोचामुळे राहून जातो.

या परिसरातील हेतुविचार

बीजदोष व प्रकृती हे बलवान हेतू आहेत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. पित्तप्रकृती पुरुषात खालित्य व पालित्य लवकर येते असे चरकांनी विमानस्थानात सांगितले आहे. तथापि बीज असूनही व्याधी केव्हा व किती वेगाने व्यक्त होईल, यात आहारविहाराचा वाटा असतो. रात्रपाळीच्या कामगाराचा दिनक्रम या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. रात्रौ जागरण रूक्ष, ते वातवृद्धी करते. सकाळी कँटीनचा चहा, वडापाव, फरसाण व लोणचे पित्त वाढवतात. आणि नंतर भोजन करून दुपारपर्यंत निद्रा, जी कफकर आहे. संप्राप्तीतील दोन्ही टप्प्यांचे दोष एकाच दिवसात पोसले जातात. हे अनुमान आहे, पाळी बदलताच टक्कल थांबेल असा दावा नाही. अतिलवणाच्या सात्म्याने अकाली खालित्य येते हा चरकांचा निर्देशही पापड-लोणच्यावर दोन वेळचे जेवण निभावणाऱ्या खोल्यांत स्मरावा.

हेल्मेटविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. हेल्मेटने टक्कल पडते, हा समज या भागात खोल रुजला आहे. घाम, मळ व घर्षण यांनी दारुणक वाढू शकतो, काही केस तुटतात. खालित्याचा आकृतिबंध हेल्मेटने निर्माण होत नाही. आत सुती रुमाल बांधावा, तो रोज धुवावा, अस्तर उन्हात वाळवावे. पुणे-नाशिक मार्गावरून रात्री दुचाकीने परतणाऱ्या मुलाला ‘हेल्मेट कमी वापरा’ असे कोणत्याही वैद्याने सांगू नये.

क्रमशः आणि एकाएकी

वाग्भटांचा भेद किती व्यवहार्य आहे, हे बुलढाणा जिल्ह्यातील अलीकडच्या घटनेने दाखवून दिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत लहानांपासून वृद्धांपर्यंत अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गेले. प्रथम बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्याचा. हा परिसर पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा. तेव्हा ऊषर भूमी व लवणसात्म्य यांचे चरकवचन आठवून निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना झाला असेल. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीच्या आधारे शिधावाटपातील गव्हामधील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. रुग्णांत जस्ताचे प्रमाण कमी असल्याचेही त्यांनी सांगितले. एप्रिलमध्ये त्याच भागात नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. नख व केश यांना आपण अस्थिधातूचे मल मानतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. केसांच्या प्रत्येक रुग्णाची नखे पाहावीत, आणि तीन-चार दिवसांत, एकाच घरातील वा खोलीतील अनेकांचे केस जात असतील तर ते खालित्य समजू नये. अन्न, पाणी व विषाचा विचार करून आरोग्य यंत्रणेला कळवावे.

चिकित्सेसंबंधी थोडे

चिकित्सेचा विस्तार येथे अभिप्रेत नाही. निदानपरिवर्जन, कोष्ठशुद्धी, शिरोभ्यंग, नस्य, आमलकी-भृंगराजादी रसायन आणि अवरोध दिसू लागल्यास योग्य रुग्णात प्रच्छान व लेप हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. प्रथमावस्थेत अपेक्षा ठेवावी ती प्रक्रिया मंदावण्याची व बारीक झालेले केस सुधारण्याची. रुद्ध झालेल्या जागी केस आणण्याचे आश्वासन देऊ नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये, औषधाने बरे करण्याचा दावा करू नये अशा विकारांत, टक्कल समाविष्ट आहे. रुग्ण औषधांच्या दुकानातून परस्पर मिनॉक्सिडिल आणून लावत आहे काय, हे आवर्जून विचारावे. त्याच्या आरंभीच्या आठवड्यांत गळती तात्पुरती वाढते, आणि ते न सांगितल्यास दोष आपल्या तेलाला किंवा नस्याला लागतो.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून तीन महिन्यांच्या आत परिणामाची चर्चा निरर्थक ठरते. रुग्णाला रोजचे केस मोजण्यास सांगू नये, त्याने चिंता तेवढी वाढते. त्याऐवजी पहिल्याच भेटीत रुग्णाच्या संमतीने भांगाची, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांची व भोवऱ्याची अशी चार छायाचित्रे त्याच्याच मोबाइलवर घ्यावीत. जागा, खिडकी व अंतर लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावीत. केस ओले किंवा तेल लावलेले असतील तर त्या दिवशी छायाचित्र घेऊ नये. दोन्ही अवस्थांत शिरस्त्वचा असते त्याहून अधिक उघडी दिसते.